आधी हात, मग मशीन!

कंबर दुखते म्हटलं की एमआरआय, पोटात कळ आली की सोनोग्राफी. पण पेशंटला टेबलावर झोपवून तपासलं कुणी? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही, हा माझा अनुभव.

कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांच्या एमआरआयचा अमेरिकेतला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. ६४ टक्के लोकांच्या मणक्यातल्या गादीत काही ना काही दोष दिसला! मग नुसत्या फोटोवर ऑपरेशन ठरवायचं? पाय सरळ उचलून, अंगठ्याची ताकद बघायला दोन मिनिटं लागतात.

वयात येणारा मुलगा लाजून 'पोटात दुखतंय' म्हणतो, दुखणं असतं अंडकोषात. पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत ऑपरेशन व्हायला हवं, नाहीतर अंडकोष जातो. चड्डी न उतरवता ॲसिडिटीची गोळी दिली, तर दोष कुणाचा?

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग! त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के.

मशीन नकोत असं मी म्हणत नाही. पण सरकारी दवाखान्यात आधी एक पडदा, एक टेबल आणि सोबतीला नर्स द्या, उद्घाटनाचे फ्लेक्स नंतर लावा. आणि मंडळी, आपणही विचारायला शिका: 'डॉक्टर, तपासणार नाही का?'