दोष प्रोग्रामचाच नव्हे



फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालीच्या सामायिक फाइली बिघडतात त्या कच्च्या प्रोग्राममुळे, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत एकांगी आहे. विंडोज एनटी सर्व्हरने ‘ऑपलॉक’ (फाइल तात्पुरती स्वतःकडे राखण्याची मुभा) दिला की क्लायंट बदल स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो. दुसऱ्याने तीच फाइल उघडताच ते बदल सर्व्हरवर पोचायला हवेत. नेमकी तेव्हा केबल सैल असली, तर नोंद डीबीएफ या डेटा फाइलमध्ये जाऊन इंडेक्समध्ये न जाण्याची शक्यता असते. एका पतपेढीत मी हे पाहिले: खाते क्रमांकाने सभासद सापडेना, यादी चाळली तर नाव तिथेच! प्रोग्रामला हात न लावता सर्व्हरच्या रजिस्ट्रीत ऑपलॉक बंद केले, इंडेक्स नव्याने बांधला, तक्रार थांबली. प्रोग्रामरला बोल लावण्याआधी नेटवर्क तपासावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली