आजीच्या आईचं नाव काय?

परवा आमच्या गल्लीतल्या आजी गेल्या. नव्वदी कधीच ओलांडली होती. "सोनं झालं म्हातारीचं," असंच सगळे म्हणत होते. लेकी-सुना, नातवंडं, पतवंडं, सगळं गोकुळ जमलं होतं. चौकात फ्लेक्स लागला, मोबाइलवर श्रद्धांजलीचे संदेश फिरले. कशाला काही कमी पडलं नाही.

कमी पडलं ते तिसऱ्या दिवशी. राख सावडून मंडळी घरी आली आणि थोरला नातू मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरायला बसला. मयताचं नाव झालं, पतीचं नाव झालं. पुढे होतं आईचं नाव. नातवाने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी आत्याकडे. कुणालाच सांगता येईना. माहेरी फोन लावला, तिथेही आता भाचेच उरलेले. सत्तर वर्षं जिने या घराचं अंगण सारवलं, तिच्या आईचं नाव घरात एकालाही माहीत नव्हतं!

मी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मनात आलं, बाई गं, तुला तरी कुठे माहीत आहे तुझ्या सासूच्या आईचं नाव?

आमच्या कुंभार पिंपळगावजवळच्या जांबला समर्थ रामदास जन्मले. चारशे वर्षं उलटली, तरी त्यांच्या आईचं, राणूबाईंचं नाव आजही घेतलं जातं. संतांच्या आईचं नाव राहतं, मग कष्टकरी बाईच्या आईचं का राहू नये?

या आजींनी निजामाचं राज्य पाहिलं होतं. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, तेव्हा त्या परकरी पोर होत्या. 1972 च्या दुष्काळात लेकरू सावलीला निजवून त्यांनी खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी थापल्या. बचत गटाच्या बैठकीत एकदा त्यांनी जात्यावरच्या चार ओव्या म्हटल्या होत्या. मी म्हणाले, "आजी, निवांत येते एकदा, सगळ्या लिहून घेते." दिवाळी झाली, संक्रांत झाली. माझं निवांत काही उगवलं नाही. सामाजिक काम करते म्हणून मिरवणारी मी, दोन घरं ओलांडून जाऊ शकले नाही.

असं काम होऊ शकतं हो! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून 1 लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा 1996 मध्ये टिपलेला आवाज आज मोबाइलवर ऐकता येतो. आपल्या प्रत्येकीच्या हातात आता तोच मोबाइल आहे. देवदर्शनाचे, हळदीकुंकवाचे फोटो आपण त्यात साठवतो. घरातल्या म्हातारीचा आवाज मात्र नसतो.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंजवळ तूर निवडायला बसले आणि विचारलं, "आत्या, तुमच्या आईचं नाव काय होतं?" त्यांचा हात थांबला. "आजवर कुणी इचारलं नाही गं," म्हणाल्या. मग नाव सांगितलं, आणि तूर निवडून संपली तरी त्या बोलतच होत्या.

मैत्रिणींनो, मोठं काही करू नका. एक वही घ्या. सासूच्या, आईच्या, आजीच्या आईचं नाव विचारा आणि लिहून ठेवा. पुढचं त्या आपोआप सांगतील. फक्त "निवांत येते" म्हणू नका. आजच विचारा.