पायउतार

पावसाळा लागला की एका ठरावीक प्रकारच्या मजकुराला ऊत येतो. उंच चाकांची गाडी नदीत घातली जाते, बॉनेटवरून पाणी दोन्ही अंगांस उडते, गाडी एकदाची काठाला लागते आणि खाली शब्द उमटतात: 'नदीवर मात', 'थरार', 'निसर्गाशी झुंज'. वृत्तपत्रांच्या पर्यटन-पुरवण्याही आता हीच भाषा बोलतात आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्या काही बऱ्या लेखकांनाही तिची लागण झालेली दिसते. आमचा आक्षेप गाड्यांना नाही, ह्या भाषेला आहे. हा शब्दच्छल नव्हे. गाडी पाण्यात फसण्याच्या कितीतरी आधी चालकाचे वाक्य फसलेले असते, असे आमचे म्हणणे आहे.

जुन्या मराठीत नदी ओलांडण्याच्या जागेस 'उतार' म्हणत. नदीस उतार आहे की नाही, हा प्रवाशाचा, व्यापाऱ्याचा आणि फौजेचा पहिला प्रश्न असे. पाणी चालत जाण्याइतके ओसरले की नदी 'पायउतार' झाली, असे म्हणत. ह्या प्रयोगांचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. 'नदीने उतार दिला', 'नदी उतार देईना', 'नदी पायउतार झाली'. ह्या प्रत्येक वाक्यात कर्ता नदी आहे. माणूस तिच्या काठावर उभा राहून वाट पाहणारा, दिले तर घेणारा. 'आम्ही नदी जिंकली' ह्या वाक्यात ही रचना उलटी होते. माणूस कर्ता होतो आणि नदी कर्म. कर्म निमूट असते, त्याला स्वतःची इच्छा, वेग वा खोली नसते. वाहत्या पाण्याविषयी ह्याहून घातक गैरसमज असू शकत नाही.

ह्या शब्दाचे वजन किती होते, ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. 1760च्या ऑक्टोबरात यमुनेस उतार नाही ह्या समजुतीवर मराठी फौज निर्धास्त होती. अब्दालीने महिनाअखेरीस बागपतजवळ उतार शोधला, त्यात काही माणसे गमावली, पण तो पलीकडे आला आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे झाले त्याची अनेक कारणे आहेत, परंतु नदीविषयी धरलेला एक ठाम समज हे त्यांतले एक आहे. नदी कालच्यासारखीच आज असेल, असे गृहीत धरणाऱ्यास ती सवलत देत नाही.

आता आखाडा बाळापूरकडे या. कळमनुरी तालुक्यातले, हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे हे बाजारपेठेचे गाव. नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या नरसीवरून वाहत येणारी कयाधू ह्याच मुलखातून पुढे जाऊन पैनगंगेस मिळते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून कोणी तिला नदी म्हणणार नाही. पावसाळ्यात वरच्या अंगाला चार तास जोर झाला की ती ओळखू येत नाही. नदी-ओढ्यांवर अजूनही कमी उंचीचे फरशी पूल आहेत. पाणी फरशीवरून वाहू लागले की दोन्ही बाजूंस माणसे थांबतात: दुधाची किटली लावलेली मोटारसायकल, ट्रॅक्टर, शाळेची पोरे. कोणीतरी पाण्याच्या कडेला दगड ठेवतो. दगड बुडाला तर पाणी चढते आहे, उघडा पडला तर उतरते आहे. ही मोजणी करणाऱ्यास कोणी धाडसी म्हणत नाही. त्याचे छायाचित्रही कोणी काढत नाही. ज्याला ओढ्यापलीकडच्या शेतात रोजच जायचे आहे, त्याला ओढ्यावर मात करून भागत नाही. त्याला उद्याही तोच ओढा ओलांडायचा असतो.

ह्या माणसांच्या शेजारी शहरातून आलेली गाडी येऊन उभी राहते तेव्हा दोन भाषा समोरासमोर येतात. एकीला नदी ही अडचण आहे, दुसरीला ती करमणूक. आणि वाईट गोष्ट अशी की करमणुकीची भाषा अधिक देखणी असल्याने ती हळूहळू अडचणीतल्या माणसाच्या तोंडीही बसते. 'त्या गाडीवाल्याने काढली, मग मी का नाही?' हा प्रश्न ज्या तरुणाच्या मनात येतो, त्याच्या बुडाखाली जुनी मोटारसायकल असते.

गाडीच्या माहितीपत्रकात पाण्याच्या खोलीचा एक आकडा दिलेला असतो. 2020 साली आलेल्या नव्या थारसाठी तो 650 मिलिमीटर आहे. आकडा खरा आहे, पण तो गाडीविषयी बोलतो, नदीविषयी नाही. पाणी किती वेगाने वाहते, तळाला खडक आहे की कयाधूकाठची काळी माती, कालच्या वाळूउपशाने तिथे माणूसभर खड्डा झाला आहे काय, ह्यांतले काहीही तो आकडा सांगत नाही. आणि गढूळ पाणी तर काहीच दाखवीत नाही. गाडीचा तळ चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढणारे पाण्याचे प्रत्येक 10 सेंटीमीटर तिला सुमारे 700 किलोने हलकी करते. दोन टनांची गाडी अशा रीतीने, आत पाणी शिरण्यापूर्वी, तळाच्या वर हातभर पाणी चढायच्या आतच तरंगू लागते, आणि चाकांची पकड त्याच्याही आधी सुटते. प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. हवा घेण्याच्या नळीतून पाणी इंजिनात गेले तर पाणी दाबले जात नसल्याने आतले दांडे वाकतात आणि गाडी नेमकी मध्यधारेत बंद पडते. नळी छतापर्यंत नेली तरी इंजिन वाचते, गाडी वाहून जाण्याचे थांबत नाही. चार चाकांना मिळणारी शक्ती गाडी पुढे ढकलते. तिला जमिनीवर टेकवून ठेवण्याचे काम फक्त वजन करते.

वजनाचाही भरवसा किती धरावा? 28 सप्टेंबर 2021 रोजी, पैनगंगेपलीकडे उमरखेडजवळच्या दहागाव येथे, नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. बस त्यात गेली आणि वाहून गेली. चालक-वाहकांसह प्रवाशांचे प्राण गेले, मोजकेच वाचले. एस.टी.ची बस कोणत्याही हौशी गाडीहून कितीतरी जड असते. त्या चालकाविषयी निवाडा देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ती बस ज्या पाण्याने नेली, त्या पाण्याला 'थरार' म्हणणारे वाक्य लिहिताना हात अडखळला पाहिजे, एवढी अपेक्षा आम्ही निश्चित करतो.

ह्यावर एक रास्त प्रतिवाद येईल: 'तुम्ही अडाण्यांवरून जाणकारांना झोडपता. हा एक खेळ आहे, त्याला शिस्त आहे.' मान्य. गोव्यात 2014पासून भर पावसाळ्यात ह्या खेळाची स्पर्धा भरत आली आहे, आणि तिथे उतरणारे लोक लेचेपेचे नव्हेत. पण त्यांची शिस्त काय सांगते ते पाहा. गाडी पाण्यात घालण्यापूर्वी स्वतः पाण्यात उतरून, काठीने तळ चाचपून, चालत पलीकडे जाऊन या. चालत जाता येत नसेल एवढा प्रवाह असेल, तर गाडी घालू नका. पट्टा सोडा, काच खाली ठेवा, ओढून काढणारी दुसरी गाडी काठावर तयार ठेवा. मग पहिल्या गिअरमध्ये, संथ, एकसारख्या वेगाने जा. पाणी उडवू नका, कारण उडालेले पाणीच इंजिनात जाते. म्हणजे ज्या दृश्यावर टाळ्या पडतात ते जाणकाराच्या लेखी चुकीचे आहे, आणि त्याचा पहिला नियम म्हणजे जुन्या मराठीचाच नियम आहे. नदी पायउतार आहे की नाही हे पाहण्यासाठी चालकाने आधी स्वतः पायउतार झाले पाहिजे. खेळ जाणणारा आणि दगड ठेवणारा शेतकरी ह्यांच्यात आम्हांस भांडण दिसत नाही. भांडण त्या दोघांचे आणि जाहिरातीच्या भाषेचे आहे.

ती भाषा किती दूर जाते, ह्याचा एक नमुना डिसेंबर 2023मध्ये लाहौल-स्पितीत दिसला. नाताळच्या सुट्टीतली वाहतूक तुंबली म्हणून एका पर्यटकाने आपली थार सरळ चंद्रा नदीच्या पात्रात घातली. पोलिसांनी मोटार वाहन कायद्याखाली दंड केला. तो निभावला, दृश्य देशभर पाहिले गेले. गंमत अशी की तिथे धाडसाचाही प्रश्न नव्हता, प्रश्न रांगेचा होता. इतर सर्व थांबले असताना मी थांबणार नाही, एवढाच त्या कृतीचा अर्थ. 'निसर्गाशी झुंज' ह्या भारदस्त शब्दांच्या आड पुष्कळदा इतकीच क्षुद्र गोष्ट दडलेली असते.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक. पूल उंच करणे आमच्या हाती नाही. त्यासाठी बोलत राहणे आहे. पण प्रवासवर्णन शिकवताना, निबंध तपासताना, स्वतः चार ओळी लिहिताना कर्त्याच्या जागी कोणाला बसवायचे हे आमच्या हाती आहे. 'मी नदी पार केली' ह्या वाक्यापाशी विद्यार्थ्यास थांबवून विचारावे: पाणी किती होते? तळ कसा होता? तुझ्याआधी तिथे कोण थांबले होते, आणि ते का थांबले होते? ह्या प्रश्नांची उत्तरे ज्यात येतील ते वर्णन थराराच्या दहा वर्णनांहून अधिक वाचनीय होईल, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. उत्तरे येत नसतील, तर लेखकाने नदी पाहिलेलीच नाही; त्याने काचेवरचे पाणी तेवढे पाहिले आहे.

आज 'पायउतार' हा शब्द आपण खुर्ची सोडणाऱ्या मंत्र्यांपुरताच शिल्लक ठेवला आहे. तो नदीकाठी परत न्यावा, एवढेच आमचे मागणे.