थव्याला पुढारी नसतो, मग फडाला?

हिवाळ्यात खानदेशातील ज्वारीच्या शेतांवर उतरणारे भोरड्यांचे थवे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. शेकडो पक्षी एकाच क्षणी वळतात, पण एकमेकांवर आपटत नाहीत. त्यांना वळण्याचा हुकूम कोण देतो? कोणीच देत नाही! रोम शहरावर हिवाळ्यात जमणाऱ्या, भोरडीच्याच कुळातील पक्ष्यांच्या थव्यांची छायाचित्रे इटलीतील भौतिकशास्त्रज्ञांनी तपासली. प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहासात पक्ष्यांकडे पाहूनच आपली दिशा ठरवतो, असे त्यांनी २००८ साली दाखवून दिले. या अभ्यासातील एक शास्त्रज्ञ जॉर्जो पारिसी यांना पुढे २०२१ मध्ये, गुंतागुंतीच्या प्रणालींवरील त्यांच्या एकूण कामासाठी, भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ऐकले की कोणाच्याही मनात येईल, पक्ष्यांना जमते ते माणसांना का जमू नये? स्वखुशीने एकत्र आलेल्या मंडळींना अध्यक्ष, चिटणीस हवेत कशाला? काही वर्षांपूर्वी माझेही मत असेच होते. आम्ही काही विद्यार्थी व शिक्षकांनी मिळून आकाशनिरीक्षणाचे मंडळ काढले आणि ठरवले की येथे कोणीही पदाधिकारी नाही, सर्व समान. पहिले दोन महिने मोठ्या उत्साहात गेले. पावसाळा आला तेव्हा दुर्बीण पुसून कोरड्या जागी ठेवण्याचे काम सर्वांचे होते, म्हणजेच ते कोणाचेच नव्हते. दिवाळीनंतर पेटी उघडली तो नेत्रिकेवर बुरशी! दोष कोणाला द्यावा हेही कळेना. त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा पुन्हा विचार करू लागलो, आणि त्याचे उत्तर मला आपल्या धुळे जिल्ह्यातच सापडले.

पांझरा नदीच्या काठी, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांच्या काठी, काही शतकांपासून फड पद्धतीने शेती भिजवली जात आली आहे. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाण्याला उताराने शेतापर्यंत आणायचे. यात पंप नाही, वीज नाही. सारे काम गुरुत्वाकर्षण करते. पण गुरुत्वाकर्षण न्याय जाणत नाही. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याला पाणी आधी मिळते. त्याने मनात आणले तर शेपटाकडच्या शेतकऱ्याला थेंबही मिळणार नाही. मग ही व्यवस्था पहिल्याच दुष्काळात कोलमडली कशी नाही?

तिची रचना पाहा. बंधाऱ्याखालची जमीन काही मोठ्या तुकड्यांत, बहुधा चार फडांत, विभागलेली असते. एका फडात एकच पीक. एकात ऊस असेल, दुसऱ्यात बाजरी, तिसऱ्यात गहू, आणि पिकांचा हा क्रम पाळीपाळीने फिरतो. पीक एकच असल्याने सर्वांना पाणी सारखे व एकाच सुमारास लागते. शिवाय बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळे मिळून कमी फड भिजवायचे ठरवतात. त्यामुळे टंचाई एकाच्या वाट्याला न येता सर्वांमध्ये वाटली जाते.

आता खरी गंमत पुढेच आहे. पाणी सोडण्याचे काम शेतकरी स्वतः करीत नाही, ते पाटकऱ्याचे काम. पिकाची राखण जागल्या करतो. यांना नेमतात शेतकऱ्यांचे पंच आणि मोबदलाही शेतकरीच देतात, पूर्वी तो पुष्कळदा धान्याच्या रूपात असे. पाट साफ करायला सर्वांनी यायचे. म्हणजे येथे राजा नाही, सरकारी साहेब नाही. पण पदे आहेत, कामे नेमून दिलेली आहेत आणि नियम मोडणाऱ्याला जाब विचारणारे पंच आहेत.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक गाजलेला लेख लिहिला. सामाईक कुरणात प्रत्येकजण आपली गुरे वाढवत जाणार आणि शेवटी कुरण उजाड होणार, असे त्याचे म्हणणे. यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची सामाईक कुरणे, जंगले व पाट अभ्यासले आणि १९९० साली ग्रंथ लिहून दाखवले की लोक स्वतःच नियम करून सामाईक साधन शतकानुशतके टिकवू शकतात. मात्र राखणदार लोकांना उत्तरदायी हवा आणि शिक्षा अपराधाच्या मानाने हवी. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात आजही शेतकऱ्यांनी निवडलेले पंच दर गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या दाराशी बसून पाण्याचे तंटे तोंडीच मिटवतात. त्यांना पांझराकाठची गोष्ट सांगितली, तर ती मुळीच परकी वाटणार नाही.

थवा आणि फड यांत फरक तो काय? थव्यातील पक्ष्याला नियम मोडून काही मिळवायचे नसते. माणसाला मात्र रात्री गुपचूप चारी फोडून फायदा होतो. म्हणून माणसांच्या स्वखुशीच्या समूहाला थव्याचा कित्ता गिरवता येणार नाही. पण म्हणून त्याला मालक हवा, असेही नाही. माझ्या मते त्याला पाटकरी हवा! ज्याचे काम ठरलेले, अधिकार मोजका आणि ज्याला नेमणारे त्याला काढूही शकतात, असा. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश पाहा. तेथे कोणीही लिहू शकतो, तरी खोडसाळ मजकूर काढायला लिहिणाऱ्यांमधूनच काही प्रचालक नेमलेले आहेत. पाटकरीच ते, फक्त पाट ज्ञानाचा.

फड पद्धतीचे गोडवे गाताना तिची उणीव लपवू नये. पंचांत आवाज जमीनवाल्याचा. ज्याला जमीन नव्हती तो राबत होता, पण त्याला मत नव्हते. स्वतःचा कारभार म्हणताना ‘स्वतः’मध्ये कोण कोण येते, हे विचारलेच पाहिजे. शिवाय नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, शेतोशेती विहिरी व विजेचे पंप आले आणि बरेच फड विस्कळीत झाले. ज्याच्या विहिरीत स्वतःचे पाणी, त्याला सामाईक पाट साफ करण्याची गरज वाटेनाशी होते. परस्परांवरची गरज संपली की नुसत्या नियमांनी समूह टिकत नाही.

आमच्या मंडळाने पुढे काय केले? अध्यक्ष अजूनही नाही. पण दुर्बिणीची राखण दर तीन महिन्यांनी एका विद्यार्थ्याकडे जाते, वहीत त्याची सही असते आणि चुकल्यास त्याला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते. नेत्रिका स्वच्छ आहे.

तुमच्या शाळेत विज्ञान मंडळ असेल तर एक प्रयोग करून पाहा. मंडळातली सामाईक कामे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे ते कोण करतो, त्याला कोणी नेमले व चुकल्यास त्याला कोण विचारतो, हे तीन रकाने भरा. जेथे रकाना रिकामा राहील, तेथेच बुरशी धरणार आहे असे समजा. आणि सुटीत जमल्यास शिक्षकांबरोबर पांझराकाठचा एखादा जुना बंधारा अवश्य पाहून या. तेथे एखादे जाणते बाबा भेटले, तर पाणी कसे वाटत असत हे त्यांना जरूर विचारा. ही विद्या पुस्तकांपेक्षा अशा माणसांजवळच अधिक आहे.