बंदूक बिघडलेली नाही!

मागच्या शनिवारी ऑफिसच्या गँगबरोबर मांडव्याला गेलो होतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली, तासाभरात पलीकडे. (बोटीवर 'अग्निपथ'चे डायलॉग मारून झाले, ते सोडून देऊ.) जिथे उतरलो तिथल्या गेमरूममध्ये एक ओळखीचं मशीन दिसलं आणि मी बॅग टाकून धावलोच. एरिया ५१! अटारी गेम्सचा १९९५ सालचा खेळ. नेवाडातला लष्करी तळ, त्यावर परग्रहवासीयांनी केलेला कब्जा, आणि तो मोडून काढायला वायरीने बांधलेल्या दोन बंदुका.

बंदूक उचलली, नेम धरला, चाप ओढला. काहीच नाही. एलियन येतायत, आपण पटापट मरतोय.

"काका, ती गन खराब आहे," शेजारचं आठ-नऊ वर्षांचं पोरगं म्हणालं. (काका!!)

केअरटेकर म्हणाला, "जुनी ट्यूब गेली होती दादा. साहेबांनी नवीन एलसीडी टाकला, तेव्हापासून बंदुकीने दम तोडला बघा."

मंडळी, बंदुकीला काहीही झालेलं नाही. या बंदुकीतून काही सुटत नाही, उलट ती बघते. नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटासा सेन्सर असतो, बस. जुन्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रंगवत वरून खाली येतो, सेकंदाला साधारण ६० वेळा. आपण चाप ओढला की पडदा क्षणभर पांढरा होतो. झोत नेमाच्या जागी पोचला की सेन्सरला तो दिसतो, आणि त्या वेळेवरून मशीन जागा काढतं. एलसीडीत असा झोतच नसतो. मग बंदूक बघणार काय, कप्पाळ? म्हणजे साहेबांनी पडदा बदलला नाही, अर्धी बंदूकच काढून फेकली.

परतीच्या बोटीत मित्राने नेहमीचा बाण सोडला. "एवढं काय? एम्युलेटर टाक आणि माउसने खेळ. गेम तर नेटवर जपलेलाच आहे."

इथेच माझं डोकं फिरतं. जपलाय तो कोड. दोन पायांवर उभं राहून, हात लांब करून, शेजारच्याला कोपर मारत नेम धरायचा, हा खेळ होता. माउसने उरतं ते नुसतं क्लिक करणं, आणि ते आपण सोमवार ते शुक्रवार करतोच की! हल्ली कॅमेऱ्यावर किंवा इन्फ्रारेडवर चालणाऱ्या नव्या बंदुका मिळतात, एलसीडीवरही चालतात. चांगलंच आहे. पण त्याही कोणीतरी मूळ यंत्र कसं चालायचं हे समजून घेतलं म्हणूनच बनल्या.

याला नॉस्टॅल्जिया म्हणून हसू नका. पुण्यात चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ साली, आणि तोवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. ते काही कोणी दुष्टपणे जाळले नाहीत. 'जुनं झालं, काय करायचंय' असं म्हणूनच गेले. या मशीनचंही तसंच. खेळ आत एका हार्ड डिस्कवर असतो, तिचं वय आता तिशीच्या आसपास. नव्या ट्यूब बनणं जवळपास थांबलंय. आणि वर मांडव्याची खारी हवा.

मी विचारलं, जुनी ट्यूब कुठाय? "भंगारात दिली." ट्यूब खरंच गेली होती, की मागच्या बोर्डावरचा एखादा फुटकळ कपॅसिटर, हे कोणी उघडून पाहिलंच नव्हतं.

राग मला त्या साहेबांचा नाही, आपला येतो. 'पार्ट बदलला, तिकीट क्लोज' ही सवय आपल्याच धंद्याची. समोरची वस्तू कशी चालते हे न विचारता बदललेल्या भागाला आपण अपग्रेड म्हणतो, आणि मग नीट असलेल्या बंदुकीवर खापर फोडतो.

तेव्हा एवढंच करा. घरी माळ्यावर जाडा टीव्ही पडला असेल तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा लावून बघा. आणि कुठे असं मशीन दिसलं तर मालकाला सांगा, ट्यूब दुरुस्त होते का ते आधी बघा म्हणावं.

त्या पोराला मी हे सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग जुना टीव्ही परत आणा ना?"

आठ वर्षांच्या पोराला कळतं हो. असो.