कबाडीला हाक मारण्याआधी

नागपूरची धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, इकडे महाल. जुनी घरं पडताहेत आणि त्यांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहताहेत. घर रिकामं करायला घेतलं की आधी दागिने नि बँकेचे कागद निघतात, मग पितळेची भांडी, मग फोटोंचे अल्बम. बाकीचे कागद सगळ्यात शेवटी. तोवर घरातली माणसं दमलेली असतात आणि कबाडी काटा घेऊन फाटकाशी उभा असतो. विजेची बिलं, लग्नपत्रिका, पिवळे पडलेले दिवाळी अंक आणि त्यांच्यातच सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा, सगळं एका भावात जातं. माझी विनंती त्या गठ्ठ्यापुरती आहे. बिलं जाऊ द्या, तो तेवढा बाजूला काढा.

जुन्या पत्रांत काय असणार, असं वाटत असेल तर ‘कुसुमानिल’ मिळवून वाचा. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मूर्तिजापूरचे. कुसुम जयवंत अमरावतीच्या. ओळख झाली ती पुण्यात, शिकत असताना. १९२२च्या सुमारास पत्रं सुरू झाली आणि लग्नाला १९२९ साल उजाडलं. मधल्या काळात कुसुम नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकल्या, लंडनला जाऊन पदवी घेऊन आल्या आणि पुढे नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या. कथा आणि समीक्षा वाचणाऱ्यांना कुसुमावती देशपांडे हे नाव नव्याने सांगायला नको. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, तो मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी त्या गेल्या. लग्नाआधीच्या त्या पत्रांचं पुस्तक १९७२ साली निघालं.

मला त्यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? दोन्ही बाजू हाती लागतात. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला आलं त्याच्याकडे राहतं. त्यामुळे एका घरात सापडतो तो संवादाचा अर्धा भाग. दुसरा अर्धा दुसऱ्याच्या घरी, किंवा कुठेच नाही. इथे दोघांनी जपलं, दोघांचं लग्न झालं आणि दोन्ही गठ्ठे एका छपराखाली आले. आपल्याकडे बहुतेक घरांत उलटं होतं. आजोबा बदलीच्या गावाहून आजीला लिहीत, ती पत्रं ती लुगड्यांच्या घडीखाली ठेवी. आजीने लिहिलेली पत्रं आजोबांच्या भाड्याच्या खोलीत राहत आणि पुढची बदली झाली की तिथेच पडून जात. म्हणून बायकांच्या हातचं एखादं जरी पत्र सापडलं, तर ते आधी उचला.

आमच्या घरात कुठली आली प्रेमपत्रं, असं तुम्ही म्हणाल. एकत्र कुटुंबात आलेलं कार्ड पोस्टमनच्या हातून सासऱ्यांच्या हातात आणि तिथून ओसरीवरच्या सगळ्यांच्या कानात जायचं. त्यात कोण काय लिहिणार? तरी लिहीत. वरती श्री, मग ‘ती. स्व.’ मंडळींना साष्टांग नमस्कार, पावसापाण्याची हकीकत, मनीऑर्डर पोचली का ही चौकशी, आणि अगदी खाली, जागा संपत आल्यावर, कडेने आडव्या अक्षरात एक ओळ: ‘तिकडे’ प्रकृतीस जपायला सांगावे. नाव नाही, काही नाही. ती ओळ कुणासाठी होती हे घरात सगळ्यांना कळायचं आणि कुणीच बोलायचं नाही. तेव्हा गठ्ठा उघडलात तर गुलाबी कागद शोधू नका, समासात बघा. आंतरदेशीय पत्र असेल तर आतल्या घड्यांवर बघा. निळ्या कागदाची डिंकाची पट्टी घाईने फाडली की नेमके तिथलेच शब्द अर्धे जातात, म्हणून फाटलेला तुकडाही टाकू नका.

गोड तेवढंच ठेवू, असंही करू नका. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं प्रसिद्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. पहिल्यात माहेरी आजारी असताना भावाशी झालेला वाद आहे, तिसऱ्यात दुष्काळ. १८६८च्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि शारजा नावाची महार मुलगी यांची गोष्ट येते. मुलगी गरोदर, गाव दोघांना मारायला निघालेलं, सावित्रीबाई मध्ये पडतात, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालतात आणि दोघांना वाचवून जोतीरावांकडे पाठवतात. बायकोने नवऱ्याला पाठवलेली ही गावची बातमीच म्हणायची, पण प्रेमाबद्दल तिच्यात जे आहे ते शंभर शेरोशायऱ्यांत मिळणार नाही. आनंदीबाई जोशींनीही अमेरिकेहून गोपाळरावांना पत्रातून लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण करून दिली होती. ती पत्रं राहिली म्हणून आपल्याला आनंदीबाईंचा आवाज कळतो.

इंग्लंडमध्ये प्रेमपत्रांचे सचित्र संग्रह निघतात. तिकडच्या ब्रिटिश लायब्ररीत १४७७ सालचं एक पत्र आहे, मार्जरी ब्रूज नावाच्या मुलीने जॉन पास्टनला धाडलेलं. अक्षर तिचं नाही, तिने सांगितलं आणि कारकुनाने उतरवलं. मजकूर काय, तर मला तुझ्याशीच लग्न करायचं आहे पण बाबा हुंडा वाढवून देत नाहीत. आपल्याकडच्या कुठल्याही घराला ओळखीचं वाटावं असं! ते राहिलं, कारण पास्टन घराण्याने कागदपत्रं टाकली नाहीत, जमिनीजुमल्याचीही नाहीत आणि ही पण नाहीत. लग्न झालं, बरं का.

आता करायचं काय ते सांगतो. गठ्ठा माळ्यावर असेल तर खाली आणा. नागपूरचा मे महिना आणि डोक्यावर तापलेला स्लॅब, त्यात कागद पापडासारखा कडक होतो आणि घडीवर तुटतो. म्हणून एखादा चुलतभाऊ येईपर्यंत वाट बघायची असेल तर तोवर आतल्या खोलीतल्या आलमारीत ठेवा. मात्र कूलरची ओली हवा जिथे लागते तिथे नको, बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, भिंतीला टेकवू नका, आणि पावसाळ्यापूर्वी नि पावसाळ्यानंतर एकदा कसर, वाळवी बघा. गंजक्या टाचण्या आणि स्टेपलर पिना हलक्या हाताने काढा, रबर बँड तर आधी. फाटलं तर सेलोटेप लावू नका. सगळ्यात महत्त्वाचं, लॅमिनेशन करू नका. दुकानदार म्हणेल, साहेब, शंभर वर्षं टिकेल. पण गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की ते पुन्हा निघत नाही.

पत्रांचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅशशिवाय. पाकिटाचेही दोन्ही बाजूंनी काढा. बहुतेक पत्रांवर नुसतं ‘मंगळवार’ किंवा तिथी लिहिलेली असते, साल कळतं ते पोस्टाच्या शिक्क्यावरून. मुलांनी तिकिटं कापून घेतली की शिक्काही गेला. पाकिटात दुसरं काही निघालं, सुकलेलं फूल, बसचं तिकीट, टेकडीच्या गणपतीचा अंगारा, तर ते त्याच पाकिटात राहू द्या. महालातल्या एखाद्या वाड्यात मोडी कागद निघतील. वाचता येत नाहीत म्हणून ते आधी टाकले जातात. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, त्यांना गाठा.

यातून घरापुरतं एक पुस्तकही होतं. डाव्या पानावर पत्राचा फोटो, उजव्या पानावर तोच मजकूर स्वच्छ टाइप केलेला, खाली कोण कोणाला आणि कुठून एवढं. चुका दुरुस्त करू नका. आजीने ‘कळिवणे’ लिहिलं असेल तर तेच ठेवा. वऱ्हाडी शब्दांना पुण्याची इस्तरी मारू नका. चार प्रती काढा, भावंडांत वाटा. पत्रात येणारी टोपणनावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना याच आठवड्यात विचारून घ्या.

छापून विकायचं मनात असेल तर मात्र कायदा बघा. कागद ज्याला आला त्याचा, मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो चालतो, आणि मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं तर छापल्यापासून साठ वर्षं. म्हणजे सासरच्या आलमारीत सापडलेलं पत्र छापायला माहेरच्यांनाही विचारावं लागेल. कौटुंबिक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. तिथून ते कुठल्या गावाला जाईल याचा नेम नाही, आणि ज्यांच्याविषयी त्यात लिहिलंय त्यांची नातवंडंही कुठल्या तरी ग्रुपवर असतात.

आणि पत्रं लिहिणारी किंवा जिला आली ती व्यक्ती हयात असेल तर शेवटचा शब्द तिचा. आजी म्हणाली की मला पुन्हा वाचून दाखव, तर दाखवा. म्हणाली की पेटी माझ्या खोलीत ठेव, तर ठेवा. म्हणाली की जाळून टाक, तर तिच्यादेखत जाळा, न वाचता, आणि आधी गुपचूप फोटो काढून ठेवू नका.