दहा दिवसांची मुदत

विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा आम्हीही संगणकावर विंडोज ११ बसवले. डावीकडचे स्टार्टचे बटण मधोमध पाहून सौ. म्हणाली, "अगंबाई, कुणी हलवलं हे?" ते सोपे निघाले. टास्कबारवर राइट क्लिक करून सेटिंग्जमध्ये अलाइनमेंट डावी केली.

खरी पंचाईत जुन्या प्रिंटरची. मुलीचा अर्ज छापायचा, आणि तो ढिम्म! वाचकहो, माघारी फिरण्याची सोय सिस्टिममधल्या रिकव्हरीत असते, पण दहाच दिवस. पुढे जुनी व्यवस्था आपोआप पुसली जाते. आमचा नववा दिवस होता. (फोटो पेनड्राइव्हवर आधीच घेतले होते, तेवढे शहाणपण होते.) शेवटचा उपाय म्हणून प्रिंटर यादीतून काढून पुन्हा जोडला. रात्री अकराला अर्ज छापून निघाला.